खुंटीवर टांगलेला मुखवटा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शिमग्यातल्या सोंगांवर लिहिताना ओघात आफ्रिकेतल्या मुखवट्यांचा उल्लेख आला. त्यावर हर्णैपासून शिरोड्यापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. कोकणात घरटी एक माणूस बोटीवर, त्यामुळे मोम्बासा, दार-एस-सलाम, लागोस ही नावं इथे कुणाला परकी नाहीत आणि तिथून आलेली लाकडी वस्तू शोकेसमध्ये नाही असं घरही विरळाच. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझे वडील मालवाहू बोटीवर होते. १९८० च्या सुमारास त्यांनी दार-एस-सलामहून एक काळी लाकडी कलाकृती आणली. एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या माणसांचा हातभर उंच मनोरा आहे. आम्ही तिला ‘एबनी’ म्हणतो. ती किती जुनी असेल? प्राचीन आहे का? (हर्णै)

उत्तर : प्राचीन नाही, पण त्यामुळे तिची किंमत कमी होत नाही. हे माकोंडे लोकांचं काम दिसतं. माकोंडे मूळचे उत्तर मोझांबिकमधल्या पठारावरचे आणि दक्षिण टांझानियातले. त्यांतले बरेच कारागीर कामाच्या शोधात दार-एस-सलामला आले, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या बाजारासाठी ही कोरीव कामं घडू लागली. एकाच ओंडक्यातून एकमेकांना धरून वर चढणाऱ्या माणसांच्या या प्रकाराला ‘उजामा’ म्हणतात. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ कुटुंबभाव, आपलेपणा. पुढे टांझानियाच्या सरकारने आपल्या समाजवादी धोरणालाही हेच नाव दिलं. तिरपगड्या, हातपाय वळवलेल्या भुतांच्या मूर्ती दिसल्या तर तो ‘शेतानी’ प्रकार. शब्द आपल्या ओळखीचाच आहे.

लाकूड बहुधा एबनी नसून म्पिंगो आहे. म्पिंगो आपल्या शिसवीचा सख्खा भाऊ, दोन्ही डालबर्जिया वंशातले. क्लॅरिनेट, ओबो ही विलायती वाद्यं याच लाकडाची होतात. ते पाण्यात बुडतं, म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा घन ठोकळा सव्वा किलोच्या आसपास भरतो. मूर्ती पाण्यात टाकून बघू नका. हातात घ्या, बुडाशी बघा. गाभा काळा किंवा गर्द जांभळट तपकिरी आणि कुठेतरी कडेला फिक्या पिवळट सालकाठाची पट्टी असेल, तर माल खरा. बुडाला नखाने खरवडल्यावर पांढरं लाकूड दिसलं तर बुटाचं पॉलिश लावलेलं हलकं लाकूड आहे.

माकोंडेंची स्वतःच्या गावातल्या विधीसाठीची कला मात्र वेगळी. तिला ‘मापिको’ म्हणतात. ही हलक्या लाकडाची टोपासारखी मुंडकी असतात, कित्येकांवर खरे केस चिकटवलेले. नर्तक ते डोक्यावर मागे कलतं घालतो आणि मुखवट्याच्या तोंडातून बाहेर बघतो. मुलामुलींच्या वयात येण्याच्या विधीत ती नाचतात. असा मुखवटा बाजारासाठी घडत नसे.

प्रश्न : काकांनी पश्चिम आफ्रिकेतून आणलेला मुखवटा हॉलमध्ये टांगला आहे. दर पावसाळ्यात त्यावर पांढरं येतं, आणि यंदा खाली पिवळट भुसा पडतोय. वॉर्निश मारावं का? शिवाय तो ‘खरा’ आहे की दुकानातला, हे कसं ओळखायचं? (देवगड)

उत्तर : वॉर्निश मारू नका. तेलही लावू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक मुखवट्यांवरचा पांढरा रंग ही नुसती माती असते, शाडूसारखी, पाण्यात कालवून लावलेली. ओलं फडकं लागलं की ती निघून जाते. काळी जाड खरपुडी दिसली तर ती तेल, धान्याची पेज, कधी बळीचं रक्त असे थर वर्षानुवर्षं चढून झालेली असते. तिला ‘मळ’ समजून घासणारे पुष्कळ आहेत, आणि वस्तूचा सगळा इतिहास ते मोरीत सोडतात.

आधी भुशाचं बघू. मुखवट्याखाली काळा कागद पसरा, तीन दिवस हात लावू नका. कागदावर फिकट रंगाची ताजी पूड पडली आणि छिद्रांच्या कडा धारदार, आतून स्वच्छ दिसल्या तर किडा जिवंत आहे. छिद्रं काळपट, धुळीने बुजलेली असतील तर जुनं दुखणं आहे, सोडून द्या. जिवंत असेल तर औषध टोचण्यापेक्षा थंडी बरी. मुखवटा सुती कापडात गुंडाळा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि तोंड चिकटपट्टीने पक्कं बंद करा. मग डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर पूर्ण दोन आठवडे ठेवा. मासळीच्या बर्फावर ठेवून हे होत नाही, तिथे तापमान शून्याच्या आसपासच राहतं आणि किडा झोपतो, मरत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. लोक चुकतात ते इथेच. गार लाकडावर आपल्या दमट हवेचं पाणी सुटतं, रंग फुगतो आणि आठवड्यात बुरशी धरते. मुखवट्याला काचेचे मणी, आरसे किंवा रंगाचे सुटलेले पापुद्रे असतील तर हा उपाय घरी करू नका. मुंबईतल्या संग्रहालयांतल्या जतनतज्ज्ञांना विचारा.

पांढरं येतं ती बुरशी. कोकणात पावसाळ्यात हवा कोरडी ठेवणं घरातल्या माणसाच्या हाती नाही, पण हवा खेळती ठेवता येते. पश्चिमेच्या, पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर टांगू नका. भिंत आणि लाकूड यांच्यात बोटभर फट राहील अशी आधाराची लाकडी गोटी मागे लावा. चुलीचा धूर आणि टीव्हीमागची ऊब, दोन्हीपासून लांब ठेवा. काचेच्या बंद पेटीत ठेवलं की सुरक्षित, हा समज चुकीचा. जुलैत बंद केलेल्या पेटीत जुलैचा दमटपणा ऑक्टोबरपर्यंत कोंडलेला राहतो. बुरशी आलीच तर उघडिपीच्या दिवशी सावलीत ठेवून मऊ कुंचल्याने कोरडीच झाडा, नाकाला फडकं बांधून. गवती झिरमिळ्या असतील तर त्यांना अजिबात पाणी लावू नका.

आता खऱ्याखोट्याचं. मुखवट्याची पुढची बाजू फसवते, मागची बोलते. घातलेल्या मुखवट्याच्या आत कपाळ, गालफडं आणि हनुवटी टेकते तिथे घामाने आलेली तुकतुकी असते, बाकी भाग खरबरीत. सगळीकडे एकसारखा काळा असेल तर धुरावर धरून किंवा रंग फासून जुना केलेला आहे. कडेने भोकं असतात, त्यांतून कापडी किंवा गवती अंगरखा बांधतात. दोरी घासून भोकांच्या कडा एका बाजूला झिजलेल्या हव्यात. डोळ्यांच्या खाचांतून खरोखर दिसतं का, घालून बघा. तासणीचे लहान लहान सपाट टवके दिसले तर हाताचं काम, सँडपेपरचा गुळगुळीतपणा दिसला तर बहुधा विक्रीचं.

मात्र एक लक्षात घ्या. तुमच्या भिंतीवर आहे तो अख्खा मुखवटा नव्हेच. तिथल्या कल्पनेत मुखवटा म्हणजे लाकडी तोंड, अंगभर झिरमिळ्या, पायातले घुंगूर, ढोल, गाणं आणि ते नाचवायचा अधिकार असलेला माणूस, हे सगळं मिळून. मालीतल्या बामाना शेतकऱ्यांचं ‘ची वारा’ घ्या. हरणाच्या आकाराचं हे उभं कोरीवकाम संग्रहालयात चौथऱ्यावर मूर्तीसारखं ठेवतात. प्रत्यक्षात ते वेताच्या टोपीवर बांधून, नर-मादीची जोडी करून, शेताच्या कामाच्या वेळी वाकून नाचवलं जातं. पालखीत लावलेली देवाची रूपं एरवी पेटीत असतात तेव्हा ती ‘देवाची वस्तू’ असतात. शिमग्यात रूपं लागली, ढोल वाजला, पालखी खांद्यावर आली की तोच देव. हा फरक कोकणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : तिथे बायका मुखवटे घालत नाहीत, हे खरं का? (चिपळूण)

उत्तर : बहुतेक ठिकाणी पुरुषच घालतात, पण सिएरा लिओनमधल्या मेंडे समाजात ‘सांडे’ या स्त्रियांच्या मंडळात बायका स्वतः मुखवटा घालून नाचतात. काळाभोर, रुंद कपाळ, मिटलेलं लहानसं तोंड, बारकाईने घातलेली केशरचना, मानेवर वळ्या. लाकूड कोरतात मात्र पुरुष. नायजेरिया-बेनिनकडच्या योरुबा लोकांच्या ‘गेलेदे’ या मुखवट्याच्या नाचात उलटं आहे : नाचतात पुरुष, आणि नाच असतो गावातल्या आया आणि म्हाताऱ्या बायकांची मर्जी राखण्यासाठी.

प्रश्न : आमच्या देवळात कौल लावतत. तसां आफ्रिकेत काय आसा काय? (कणकवली तालुका)

उत्तर : आसा, आणि त्याचा साहित्याशी थेट संबंध आहे. नायजेरिया आणि बेनिन या देशांतल्या योरुबा लोकांची ‘इफा’ ही प्रश्न विचारण्याची पद्धत युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. सांगणाऱ्याला ‘बाबालावो’ म्हणतात, म्हणजे गुपितांचा बाप.

पद्धत अशी. ताडाच्या जातीतल्या तेल्या माडाच्या सोळा बिया एका तळहातात. दुसऱ्या हाताने त्या एकदम उचलायच्या. पहिल्या हातात एक बी उरली तर लाकडी पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ. एकही उरली नाही किंवा दोनपेक्षा जास्त उरल्या तर ती खेप बाद. असं करत चार-चार खुणांच्या दोन ओळी भरायच्या. आठ खुणा, प्रत्येकीला दोन शक्यता, म्हणजे एकूण २५६ आकृत्या. एकेका आकृतीला ‘ओदू’ म्हणतात. त्यांतल्या सोळा मुख्य.

इथवर गणित. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक ओदूला पुष्कळ पद्यं जोडलेली आहेत, त्यांना ‘एसे’ म्हणतात. आकृती उमटली की बाबालावो त्या ओदूची पद्यं एकामागून एक म्हणत जातो. त्यांत अमक्या प्राण्याने, अमक्या राजाने असाच प्रश्न विचारला होता, त्याला अमका नैवेद्य सांगितला, त्याने दिला किंवा दिला नाही आणि पुढे काय झालं, अशा कथा असतात. आपल्या अडचणीशी जुळणारं पद्य प्रश्न विचारणाऱ्याने ओळखायचं. म्हणजे उत्तर ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असं येत नाही, कवितेच्या रूपात येतं, आणि अर्थ लावण्यात विचारणारा भागीदार असतो. आपल्या कौलाशी साम्य आहे, पण एवढा फरक विसरू नका. बाबालावोचं शिक्षण लहानपणी सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं, कारण ही सगळी पद्यं तोंडपाठ लागतात. योरुबांचा इतिहास, वनस्पतींची माहिती, म्हणी, विनोद यांतलं बरंचसं यात साठलेलं आहे. पोथी म्हणावी तर ती लिहिलेली नाही.

सोळा कवड्या टाकून सांगण्याचीही एक पद्धत आहे. कवडीची पाठ घासून सपाट करतात, म्हणजे ती उताणी किंवा पालथी स्वच्छ पडते.

प्रश्न : त्यांच्या मुखवट्यांवर कवड्या कुठून आल्या? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळतात का? (मालवण)

उत्तर : तिथे वापरात असलेली पैशाची कवडी तिथल्या समुद्रातली नाही. ती मुख्यतः मालदीवची, आपल्याच हिंदी महासागरातली. आधी अरब व्यापाऱ्यांमार्फत सहारा ओलांडून आणि नंतर युरोपी गलबतांतून ती पश्चिम आफ्रिकेत पोचली आणि शतकानुशतकं नाणं म्हणून चालली. त्याच कवड्यांनी माणसंही विकत घेतली गेली, हे सांगायला हवं. घानाच्या आजच्या चलनाचं नाव ‘सेडी’ हे कवडीच्याच तिथल्या शब्दावरून आलं आहे. मुखवट्यावर शिवलेली कवडी म्हणजे संपत्ती, आणि तिच्या आकारामुळे स्त्रीत्वाचीही खूण. आपल्याकडे मात्र तीच ‘कवडीमोल’ झाली.

प्रश्न : आमचं घराणं देवाचे टाक आणि पितळी मुखवटे ओतणारं. ‘बेनिन ब्राँझ’चे फोटो पाहिले. एवढं पातळ आणि बारीक काम मेणाच्या साच्यातून कसं उतरवलं असेल? (कुडाळ)

उत्तर : पहिली दुरुस्ती : नाव ब्राँझ असलं तरी त्यांतलं बहुतेक पितळ आहे. दुसरी : हे बेनिन म्हणजे आजचा बेनिन देश नव्हे. आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहरातलं हे एदो लोकांचं जुनं राज्य, राजाला म्हणायचे ‘ओबा’. राजवाड्याच्या खांबांवर ठोकलेले पितळी फलक सोळाव्या-सतराव्या शतकांतले, कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं असलेले. ओतारी एकाच आळीत राहायचे, तिचं नाव इगुन, आणि आजही तिथे काम चालतं. ओबाच्या परवानगीशिवाय ओतायची मुभा नव्हती.

पद्धत तुमच्या ओळखीची आहे. मातीचा गाभा करायचा, पूर्ण वाळवायचा. त्यावर मधमाशीच्या मेणाचा सारखा थर चढवून बारकावे मेणातच कोरायचे. मग वरून माती. पहिला लेप पातळ, गाळलेल्या मातीचा, कारण नाकाडोळ्यांची बारीक रेघ तोच घेतो. त्यावर भरड माती. जाड लेप पहिल्याच खेपेला लावला की वाळताना आकसून फुटतो, आणि भेगेतून शिरलेल्या धातूची शीर मुखवट्याच्या गालावर उमटते. लेप सावलीत वाळवायचा. मेण वितळून निघून गेल्यावर गाभा पोकळीत अधांतरी राहतो. तो एका बाजूला सरकला की तिथे भिंत इतकी पातळ होते की भोकच पडतं. म्हणून मेण असतानाच धातूच्या टाचण्या गाभ्यापर्यंत आरपार घालून ठेवायच्या. नाकाच्या शेंड्याला, कानाच्या पाळीला हवा अडकते, तिथून वाफ-नळी काढली नाही तर नकटा मुखवटा निघतो.

धातू किती लागेल? पितळ मेणापेक्षा साधारण नऊपट जड. ओतायच्या तोंडासकट, नळ्यांसकट सगळं मेण तोला आणि नऊने गुणा. ४०० ग्रॅम मेण असेल तर ३ किलो ६०० ग्रॅम धातू, वर थोडा वाढावा. साचा गरम असतानाच ओतायचं. गार साच्यात पातळ भागात धातू वाटेतच गोठतो आणि अर्धवट नग निघतो. ओलसर साच्यात ओतलं तर वाफ होऊन वितळलेला धातू उसळतो, तेव्हा समोर उभं राहू नका. पितळ जास्त तापलं की पांढरा धूर निघतो. ते जस्त उडतंय, ९०७ अंशांना त्याला उकळी फुटते. माल बिघडतो आणि रात्री ताप भरतो तो वेगळा.

आता त्यांच्या हाताची कमाल. बेनिनच्याही आधीच्या, बाराव्या ते पंधराव्या शतकांतल्या, आजच्या नायजेरियातल्याच इफे गावच्या मस्तकांपैकी काही जवळजवळ शुद्ध तांब्याची आहेत. शुद्ध तांबं १०८५ अंशांना वितळतं, वाहतं कमी, हवा धरतं जास्त. ज्याने ओतलं आहे त्यालाच कळेल हे काय काम आहे. घानातल्या असांते ओताऱ्यांची युक्तीही तुमच्या कामाची : मूस आणि साचा तोंडाला तोंड लावून मातीने एकत्रच लिंपायचे, भट्टीत तापवायचे आणि उलटे करायचे. वेगळं ओतणं नाही. सोनं जोखायची त्यांची चिमुकली पितळी वजनं अशी होत. त्यांतली कित्येक वजनं म्हणजे एकेका म्हणीचं चित्र आहे.

पितळ आलं कुठून, हेही ऐका. पोर्तुगीज हातकड्यासारखी पितळी कडी आणायचे, त्यांना ‘मानिला’ म्हणत. रेवदंडा-कोर्लईला ज्यांची तटबंदी दिसते तेच हे लोक, आणि काही फलकांवर टोपी-दाढीसकट ते दिसतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत या कड्यांची धातू जर्मनीच्या ऱ्हाईन भागातली निघाली. कडी वितळवून फलक झाले. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर लुटलं, ओबाला कालाबारला हद्दपार केलं, आणि हजारो वस्तू युरोपभर विकल्या गेल्या. जर्मनीने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्सने २०२५ मध्ये काही परत केल्या. लंडनमधल्या बऱ्याच अजून लंडनमध्येच आहेत.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘आफ्रिका’ हा विषय आहे. मुलांना तोंडाला काळा रंग लावून नाच बसवायचा, असं ठरतंय. आणखी काय करता येईल? (रत्नागिरी, शिक्षिका)

उत्तर : तोंडाला काळा रंग आणि कमरेला पानं, हे कृपया करू नका. त्यात आफ्रिका नाही, जुन्या सिनेमातली थट्टा आहे. शिवाय ‘आफ्रिका’ एवढा मोठा विषय घेऊच नका. पन्नासच्या वर देश, दोन हजारांच्या आसपास भाषा. एक समाज, एक कला घ्या. आम्ही घानातली आदिंक्रा छपाई सुचवू. दुखवट्याला नेसायच्या कापडावर ठशांनी चिन्हं उमटवायची ही असांते लोकांची कला, आता इतर प्रसंगीही चालते. कापडावर आधी फणीने चौकटी आखतात आणि एका चौकटीत एकच चिन्ह भरतात. ‘सांकोफा’ म्हणजे मागे वळून बघणारा पक्षी : विसरलेलं परत जाऊन आणण्यात कमीपणा नाही. ‘द्वेन्निमेन’ म्हणजे मेंढ्याची शिंगं : ताकद असून नम्र. मुलांना चिन्हाबरोबर अर्थ सांगता आला पाहिजे, नाहीतर ती नुसती नक्षी होते.

तिथे झाडाची साल कुटून, तासन्‌तास आटवून, त्यात लोखंडाचा मळ घालून काळी शाई करतात. रसायन तेच ठेवून कोकणातल्या वस्तूंनी असं करा. माठात किंवा प्लास्टिकच्या बादलीत १ किलो गंजके खिळे, २५० ग्रॅम काळा गूळ, ५ लिटर पाणी. अॅल्युमिनियमचं भांडं नको. वर फडकं बांधून पंधरा ते वीस दिवस सावलीत ठेवा, रोज एकदा ढवळा. फेस येऊन बसला, आंबूस वास आला की गाळा. १ लिटरला ३० ते ४० ग्रॅम चिंचोक्याची पूड घालून दाट कढीसारखं शिजवा.

मांजरपाट साबणसोड्यात उकळून खळ काढा. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरड्याची पूड, दोन लिटर पाणी, तासभर भिजवा. मग पिळून न धुता उन्हात सपाट वाळवा. कापड पिवळसर होईल. त्यावर ठसा मारला की करडी शाई डोळ्यांदेखत काळी पडते. मुलांच्या टाळ्या तिथे येतात.

ठसे तिथे वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचे कोरतात, म्हणून ते गोलसर असतात आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झुलवून उमटवतात. करवंटीवर मुलांना कोरायला देऊ नका, सुरी घसरते. जुन्या रबरी चपलेचा तळ कापून लाकडी ठोकळ्याला चिकटवा. छाप फिका आला तर कापडाला हिरडा कमी बसला किंवा खळ राहिली. कडा पसरल्या तर शाई पातळ. छाप सुकल्यावर एक दिवस थांबून कापड भरपूर पाण्यात खळबळवा, राहिलेलं लोखंड कापड खातं आणि वर्षभरात बरोबर ठशाच्या आकाराची भोकं पडतात. शाई करायलाच तीन आठवडे लागतात, तेव्हा डिसेंबरच्या संमेलनासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला माठ भरा.

जोडीला स्वाहिली कथा सांगा. सांगणारी ओरडते, “पाउक्वा!” सगळ्यांनी उत्तर द्यायचं, “पाकावा!” उत्तर क्षीण आलं तर कथा सुरू होत नाही, पुन्हा हाक. गाऱ्हाण्याला “व्हय म्हाराजा” म्हणणाऱ्या मुलांना हे दोन मिनिटांत जमेल. मध्ये एकाच ओळीचं गाणं तीन-चारदा यायला हवं, तेही सगळ्यांनी म्हणायचं. पाठ केलेलं भाषण एकटीने म्हणणं म्हणजे तिथली कथा नव्हे.

प्रश्न : आफ्रिकेचं जुनं साहित्य सगळं मौखिकच ना? वाचनालयातल्या चर्चेत असं ठरलं. (वेंगुर्ला)

उत्तर : चर्चा पुन्हा घ्यावी लागेल. इथिओपियात गीझ भाषेत चामड्यावर लिहिलेल्या पोथ्यांची परंपरा फार जुनी आहे. मालीतल्या टिंबक्टूला घराघरांत हस्तलिखितं होती. २०१२ मध्ये अतिरेक्यांनी शहर घेतल्यावर ती पेट्यांत भरून गुपचूप राजधानी बामाकोला हलवावी लागली. पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली काव्य अरबी लिपीत लिहिलं जात होतं. केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या पाते बेटावरचं तांबुका युद्धाचं काव्य १७२८ चं.

त्याच बेटावरच्या म्वाना कुपोना या बाईने १८५८ मध्ये आपल्या मुलीला उपदेश म्हणून रचलेलं काव्य आजही प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाने त्याचा छंद बघावा. त्या छंदाला ‘उतेंडी’ म्हणतात : आठ-आठ अक्षरांचे चार चरण, पहिल्या तिघांचं यमक एक, आणि चौथ्याचं यमक वेगळं, पण तेच सगळ्या काव्यभर. आपल्या पोथीतल्या ओवीतही तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा, आखूड. दोन्ही गाऊन म्हणायच्या रचना आहेत. एकाचं दुसऱ्यावरून झालं असं म्हणायला मात्र आधार नाही.

मौखिक म्हणजे कच्चं, असंही समजू नका. माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंजाताची तेराव्या शतकातली कथा ‘जेली’ घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. फ्रेंच लोक त्यांना ग्रियो म्हणतात. हे जन्माने मिळणारं काम आहे, कुयाते, जाबाते अशी ठरलेली आडनावं. वंशावळ सांगणं, भांडण मिटवणं, लग्न जुळवणं, राजाला तोंडावर चार शब्द सुनावणं, सगळं त्यांच्याकडे. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी किंवा गोंधळ्यांचा संच डोळ्यांपुढे आणा, आणि त्यात दरबारातलं वजन मिळवा. त्यांचा कोरा म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं एकवीस तारांचं वाद्य, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी वाजवतात. बालाफोन या त्यांच्या दुसऱ्या वाद्याच्या लाकडी पट्ट्यांखाली भोपळे टांगलेले असतात. प्रत्येक भोपळ्याला बारीक भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीचा पापुद्रा चिकटवतात. त्यामुळे सुराला गुणगुण येते. सुंजाताच्या काळातला मानला जाणारा बालाफोन गिनीतल्या न्यागासोला गावी अजून आहे आणि तो ठरलेल्या प्रसंगीच वाजतो.

प्रश्न : आमच्या मुरूड भागाला पूर्वी हबसाण म्हणत. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे इथे आफ्रिकन कला काही उरली आहे का? (मुरूड)

उत्तर : हबसाण हा शब्द ‘हबशी’वरून, म्हणजे मूळ अबिसिनिया, आजचा इथिओपिया. जंजिऱ्याचे सिद्दी राज्यकर्ते होते, १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. दरबारी घराण्यांनी दख्खनी मुसलमानी रिवाज उचलले, त्यामुळे किल्ल्यात किंवा वाड्यात आफ्रिकी नक्षी शोधू नका. आफ्रिकेचा धागा दिसतो तो गुजरातच्या सिद्दींमध्ये. त्यांच्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात, आणि बांटू भाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. त्यांच्याकडे ‘मलुंगा’ नावाचं वाद्य आहे : धनुष्याला एकच तार, खाली भोपळा, काडीने तारेवर ठोका. याच जातीचं वाद्य ब्राझीलमध्ये ‘बेरिंबाऊ’ म्हणून वाजतं. तेही आफ्रिकेतूनच गेलं, पण अटलांटिक ओलांडून.

उलट दिशेचा माल बघायचा असेल तर स्वाहिली कोश उघडा. गारी म्हणजे गाडी, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा, चपाती म्हणजे चपातीच.